पाठवणी नसलेली धून

अमागासाकी
८ जुलै २०१९

सुमिए ताई,

इकडे उकाड्यानं जीव नकोसा केलाय. तुमच्या बेटावर निदान वारा असेल.

मी निशिओका. तुमच्या मासाफुमीबरोबर ओसाकात खेळ बनवायच्या कंपनीत होतो, तोच. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात त्याच्यासोबत तुमच्या घरी राहायला आलो होतो आणि पहिल्याच दिवशी धक्क्यावरून समुद्रात पडलो होतो. एवढ्यावर ओळख पटावी.

कामाचं सांगतो. आम्ही केलेला ‘मिचिशिओ’ हा खेळ आठवतो? मिचिशिओ, म्हणजे भरती. टीव्हीला यंत्र जोडायचं, त्यात कॅसेट खोचायची, की पडद्यावर एक कंदीलवाली मुलगी यायची. समुद्रात हरवलेली माणसं शोधून ती एकेकाला घरी आणायची. तेव्हा त्या खेळाला कुत्र्यानंही विचारलं नाही. आता लोकांना जुन्या खेळांचं वेड लागलंय, आणि इथली एक लहानशी कंपनी तो नोव्हेंबरात पुन्हा काढतेय. संगीतासकट. ते संगीत मासाफुमीचं, हे बाहेर कुणालाच माहीत नाही. खेळाच्या शेवटच्या नामावळीत त्याचं नाव नुसतं ‘उडता मासा’ असं आहे. दुसऱ्यांनी माणसं पळवू नयेत म्हणून मालक तेव्हा खरी नावं घालूच देत नसत. या वेळी तरी त्याचं खरं नाव यावं असं मला फार वाटतं. तो आता नाही, तेव्हा घरच्यांची संमती लागते, म्हणून हे पत्र.

माझी कॅसेट माळ्यावर सापडली. आधी लागेना. मग लहानपणी सगळी पोरं करायची तेच केलं, तोंडाशी धरून जोरात फुंकर मारली. लागली! मासाफुमीची ती बासरीची धून ऐकली आणि ताई, खोटं कशाला सांगू, रडलो.

ती धून सोबतच्या सीडीवर आहे. त्या यंत्राला एका वेळी फार थोडे आवाज काढता यायचे. मुलगी चालायला लागली की पावलं वाजायची, आणि तेवढ्यापुरती बासरी गप्प व्हायची, कारण पावलांना तिची जागा द्यावी लागायची. म्हणून मी मुलीला एका जागी उभी केली आणि कशालाही हात न लावता रेकॉर्ड केलं. तुम्हाला धून अखंड मिळावी म्हणून.

एक गंमत सांगतो. खेळ संपताना वाजायला मासाफुमीनं आणखी एक धून केली होती. पण कॅसेटमध्ये जागाच उरली नाही. कारखान्यात पाठवायच्या आदल्या दिवशी साहेबांनी ती काढायला लावली, म्हणून खेळ मुक्यानंच संपतो. मासाफुमीनं साहेबांच्या टेबलावर डोकं आपटून घेतलं. आम्ही पोट धरून हसलो. एका गाण्यापायी इतकं कोण करतं!

आईंना नमस्कार सांगा.

निशिओका

•

तोबिसे बेट
१६ जुलै

निशिओका,

ओळख पटली. पाण्यातून काढल्यावर आमच्या वडिलांच्या आखूड युकाता-झग्यात दिवसभर गुडघे उघडे टाकून हिंडलास, ते गावातल्या म्हाताऱ्या आजही काढतात. त्यातल्या आता दोनच उरल्यात.

तुझी सीडी मी स्वयंपाकघरात मासे साफ करता करता लावली. आई पलीकडच्या खोलीत होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, हिवाळ्यापासून धड बोलत नव्हती, मला ओळखतही नव्हती. धून लागली आणि आई भिंतीला धरून चालत दारात आली. म्हणाली, “फुमी आला बघ. भात टाक.”

मी हात धुतले आणि भात टाकला.

तुला गंमत वाटली, म्हणून नीट सांगते. ती धून मासाफुमीनं रचलेली नाही, ती आमच्या बेटाची आहे. ओबोनला, पितर घरी येतात त्या दिवसांत, पहिल्या संध्याकाळी बासरीवाला धक्क्यावर समुद्राकडे पाठ करून उभा राहतो आणि बोलावणं वाजवतो. मग वाजवत वाजवत पायऱ्या चढून वर गावात येतो. मागे वळून बघत नाही, कारण मागून ती सगळी येत असतात. शेवटच्या दिवशी तोच घरोघरच्या पितरांना घेऊन खाली जातो आणि समुद्राकडे तोंड करून पाठवणी वाजवतो. बोलावणं वाजलं की पाठवणी वाजलीच पाहिजे. पोरं शेतात नुसता सराव करायची, तरी निदान पाठवणीची एक ओळ फुंकल्याशिवाय बासरी खाली ठेवू द्यायचे नाहीत. बोलावून न पाठवलेला घरात राहतो, आणि पुढे कधी गेलाच तर एकटा जात नाही. सोबत घेऊन जातो.

जी धून काढली म्हणून तुम्ही हसलात, ती पाठवणी होती. शेवटचा बासरीवाला जाऊन नऊ वर्षं झाली. पाठवणी वाजवणारं बेटावर कोणी नाही.

आणि अखंड म्हणतोस, ती धून अखंड कुठंय? मधे मधे तुटते. ठराविक अंतरानं, माणूस चालावा तशी. आई म्हणते, “दमलाय गं, पायऱ्या चढतोय.” तू मुलीला उभी ठेवली होतीस ना? मग चाललं कोण?

आईनं काल त्याची वाटी मांडली. संमतीचं पुढे बघू. आधी मला पाठवणी पाठव.

सुमिए

•

अमागासाकी
२१ जुलै

सुमिए ताई,

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं, मग लाज वाटली. तेव्हा आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मासाफुमीनंही कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी आम्ही अजून हसलो असतो म्हणा.

धून तुटण्याचं कारण साधं आहे, घाबरू नका. फुंकरीत ओल असते. आम्ही लहानपणी फुंकून फुंकून कॅसेटच्या पितळी दातांना गंज चढवला, आणि वर तेच औषध समजत राहिलो. मी कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून सगळं पुसून काढलं. आता ठीक आहे.

पाठवणी मात्र नाही माझ्याकडे. कंपनी बुडाली तेव्हा सगळं भंगारात गेलं.

आईंना समजवा. म्हातारपणी मन जुन्या वाटांनी जातं, एवढंच. आमच्या बायकोचं, चिझुरुचंही तसंच चाललंय, अजून म्हातारी नसून. मी खेळ लावला की ती वर बघत बसते, जिन्याकडे. काल म्हणाली, हे घरात नको. बायकांचं काही कळत नाही.

निशिओका

•

तोबिसे बेट
२८ जुलै

निशिओका,

बायकांचं काही कळत नाही म्हणणाऱ्याला पुरुषांचंही फारसं कळलेलं नसतं. ‘आता ठीक आहे’ एवढ्या तीन शब्दांत तू उरकलंस, तेव्हाच मी ओळखलं की ठीक नाही.

मासाफुमी कसा गेला ते तुला कुणी सांगितलंय का? कंपनी सोडून वसंतात घरी आला. कुणाशी बोलेना. रोज धक्क्यावर जाऊन बसायचा आणि तोंडानं काहीतरी गुणगुणायचा. मी विचारलं तर म्हणायचा, “ताई, मी बोलावून बसलोय. किती घरांत, ते मलाही ठाऊक नाही.” मला वाटलं कामानं डोकं फिरलंय. शरदात वडिलांची होडी घेऊन गेला. होडी सापडली, तो नाही.

पुढच्या वर्षी त्याचा पहिला ओबोन. बासरीवाल्यानं बोलावणं वाजवलं, आई धक्क्यापासून घरापर्यंत ताठ मानेनं चालत आली. शेवटच्या दिवशी तो पाठवणीसाठी न्यायला दारात आला, तर आईनं अंगणाचं फाटक लावून घेतलं. “सगळ्यांच्यांना पाठव, माझ्या पोराला नाही.” आईचे वडीलच जुने बासरीवाले, तिच्यापुढे कोण बोलणार? तेव्हापासून आमच्या घरात पाठवणी झालेली नाही. लोक कुजबुजले, मग विसरले. मीही विसरले होते. तुझी सीडी आली आणि सगळं वर आलं.

आता ऐक. आई रोज दुपारी धक्क्यावर जाते. भिंतीला धरून चालणारी बाई सगळ्या पायऱ्या एकटी उतरते. परवा शेवटच्या पायरीवर सापडली, घोटे पाण्यात. काल पोटऱ्या. मी दाराला आडणा लावते, तर मागच्या खिडकीतून बोलते, “आलेच रे.” तिच्या कमरपट्ट्याला घुंगरू बांधलंय, कुठे गेली ते कळावं म्हणून. सीडी मी चुलीत घातली. उपयोग काय? आता ती स्वतःच गुणगुणते, आणि तशीच मधे मधे थांबत.

मला फार भीती वाटते, निशिओका. तो आईला न्यायला आलाय असं वाटतं. माझाच धाकटा भाऊ, मी त्याला पाठीवर घेऊन वाढवला, आणि आता दार वाजलं की माझी पाचावर धारण बसते.

सोळा ऑगस्टला ओबोन संपतो. त्याच्या आत पाठवणी शोध. कुठूनही शोध.

सुमिए

•

अमागासाकी
५ ऑगस्ट

ताई,

मी खोटं बोललो. कॅसेट पुसल्यावरही धून तुटतच होती. दुसऱ्या यंत्रात घालून पाहिली, तीच गत. मग कॅसेटमधलं सगळं काढून कॉम्प्युटरवर घेतलं आणि चालू खेळाच्या आत काय चाललंय ते बघत बसलो. मुलीला चालण्याचा हुकूम कोणी देत नाही. मुलगी जागची हलत नाही. तरी आत पावलं मोजली जातात, आणि प्रत्येक पावलाला बासरी गप्प होते. मी तीस वर्षं हेच काम केलं, ताई. अशी चूक मी कधी पाहिलेली नाही. चिझुरु आमच्या लेकीकडे राहायला गेलीय. मी दिवसा खेळ बंद करतो आणि तरी जिन्याकडे बघतो.

पण एक सापडलं, ते आधी सांगायला हवं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. घाईच्या दिवसांत आम्ही काहीच पुसत नसू. यादीतून धुनेचा क्रमांक खोडायचा, बस. यंत्राला ती दिसत नाही, पण असते तिथेच. पाठवणी तेहतीस वर्षं या कॅसेटमध्ये पडून होती.

मी ती वाजवली. ढोल आहे. खालचा घुमणारा सूर आहे. बासरी नाही.

बासरीच्या जागी शेवटच्या दिवशी दुसरं काहीतरी भरलंय, जागा हवी होती म्हणून. काय भरलंय ते बघितलं आणि खुर्चीवरून उठलो. पावलांचा आवाज आहे तिथे.

ढोल आणि सूर तेवढा सीडीवर घालून पाठवतोय. बासरी कुणाला तरी येत असेल. वाजवता येत नसेल तर नुसती आठवत असेल. बेटावर विचारा. घरी विचारा. आईंचे वडील बासरीवाले होते म्हणालात ना?

आणि आईंना एकटं सोडू नका.

निशिओका

•

अमागासाकी
१७ ऑगस्ट

ताई, ताई!

काल संध्याकाळी मी मुद्दाम खेळ लावून बसलो होतो. बेटावर पाठवणीची वेळ झाली असेल, असं मनाशी धरून. सूर्य मावळायच्या सुमाराला धून तुटायची थांबली. मध्येच, एका ओळीच्या अर्ध्यात. मग अखंड वाजत राहिली. आज सकाळी पुन्हा लावली. एकही खंड नाही! इतकी सुंदर आहे हो ती.

म्हणजे तुम्ही केलंत. तो गेला. चिझुरुला फोन केला, ती उद्या येतेय. कंपनीवाल्यांना म्हटलं, संमतीही येईल, थोडा दम धरा.

सविस्तर लिहा. मी लहान पोरासारखा नाचतोय.

निशिओका

•

तोबिसे बेट
२१ ऑगस्ट

निशिओका,

नाचून झालं असेल तर बस, आणि वाच.

तेराला आम्ही पितरांसाठी जनावरं केली. तुमच्याकडेही करत असतील, काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा, लवकर येण्यासाठी, आणि वांग्याला पाय लावून गाय, हळूहळू परत जाण्यासाठी. आईनं स्वतः काड्या टोचल्या, मला बरं वाटलं. चौदाला बघते तर गाय नाही. विचारलं तर म्हणाली, “भाजून खाल्ली. मिसो लावून छान लागली.” घोडा तेवढा उभा. हसावं की रडावं कळेना. परत जायचं वाहनच बाईनं खाऊन टाकलं.

सोळाला दुपार कलल्यावर मी तुझी सीडी आणि वाजवायचं यंत्र पिशवीत भरत होते, तेवढ्यात घुंगरू खालच्या बाजूला ऐकू आलं. धावले. आई शेवटच्या पायरीवर, पाणी गुडघ्यांपर्यंत, आणि भरती चढत होती. मी पायरीवरच यंत्र ठेवून ढोल लावला.

आईनं मान वळवली नाही, पण गुणगुणणं थांबवलं. मग तोंडानं म्हणायला लागली. ह्या-रा-री, ह्यू-ई-ह्या. आमच्याकडे बासरी बायकांनी हातात धरायची नसते, पण पोरांना शिकवताना आधी तोंडानं म्हणायला लावतात, आणि ते आईनं लहानपणी भिंतीआडून ऐकलेलं. सगळं पाठ होतं तिला. मला नावानं न ओळखणारी बाई, एक अक्षर चुकली नाही. मला रडू फुटलं. वाटलं, सुटलो.

शेवटची ओळ आली आणि ती गप्प झाली. ढोल एकटाच वाजून संपला.

मी म्हटलं, “आई, पुढचं?”

“येतं की पुढचं.”

“मग म्हण ना. म्हण गं, अंधारून येईल.”

“का म्हणू?” ती माझ्याकडे वळली. आणि निशिओका, हिवाळ्यानंतर पहिल्यांदा तिनं मला नावानं हाक मारली. “सुमिए, म्हटलं की तो जाणार. आणि एकटा नाही जायचा, मला नेणार. मग तुझं कोण आहे? इतकी वर्षं त्याला धरून ठेवलाय तो कुणासाठी?”

मला वाटत होतं पोराच्या मायेनं तिनं ते फाटक लावलं. तिला पोरगा हवा होता, हे खरंच. पण मी नवरा नाही, मूल नाही, आईपायी इथेच राहिलेली. रोज पाण्यात उतरून ती त्याला काय सांगत होती, ते मी विचारलं. म्हणाली, “अजून थोडं थांब म्हणत होते. खाली उभा राहून पाय गार पडतात त्याचे. म्हटलं, वर ये, घरात थांब.”

तिला पाठीवर घेतलं आणि पायऱ्या चढायला लागले. मागे वळून बघायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. घुंगरू पाठीशी वाजत होतं, तिच्या कमरेला होतं ना, त्याचा आधारच वाटला. दम लागला की मी थांबायचे. घुंगरूही थांबायचं. पण माझ्यानंतर एका पावलानं. पहिल्यांदा वाटलं आई हलली असेल. मग प्रत्येक वेळी तसंच झालं, आणि मी थांबायचंच सोडलं. छाती फुटेल असं वाटत होतं, तरी थांबले नाही.

उंबऱ्यावर आईला खाली उतरवलं. तिच्या कमरपट्ट्याला घुंगरू नव्हतं.

“आई, घुंगरू?”

“त्याच्या कमरेला बांधलं खालीच. पायऱ्यांवर शेवाळ आहे, पाय सटकतो त्याचा.”

मी दार लावलं. तिथेच दाराला पाठ लावून बसून राहिले. आईनं आत जाऊन तीन वाट्या मांडल्या. सकाळी घुंगरू उंबऱ्याच्या आत पडलं होतं. ओलं.

तर तुझी धून का तुटत नाही, ते आता कळलं असेल. इतके दिवस तो पायऱ्या चढत होता. आता पोचला.

आई धक्क्यावर जात नाही. पोटभर जेवते, मला नावानं हाक मारते, माझ्या हातच्या भाजीला नावं ठेवते. मी पाठवणीसाठी तुझ्या मागे लागले होते, आता उलटं सांगते. ती बासरी शोधू नकोस. कुणी शोधून आणली तरी मला कळवू नकोस. ती एक ओळ आईच्या तोंडात आहे तोवर आई आहे.

संमती देते. त्याचं खरं नाव छापा, माकिशिमा मासाफुमी. अट एकच. खेळ मुक्यानं संपवायचा नाही. शेवटी ढोल आणि तो खालचा सूर लावा, बासरीची जागा मोकळी ठेवा. ज्यानं त्यानं आपल्या घरचं माणूस आपल्या तोंडानं पाठवावं. एवढं केलंत तर तो ज्यांना बोलावून बसला होता त्यांची तरी सोय होईल.

मी आईकडून ती ओळ शिकून घेणार आहे. ती शिकवेल तेव्हा काय होईल ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी तुला पत्र येईल, तेव्हा ये. धक्का अजून तसाच निसरडा आहे, युकाता धुऊन ठेवते. आणि ती ओळ माझ्याकडून तू शीक. माझ्यामागे म्हणायला कुणीतरी हवं.

घुंगरू दारामागच्या खिळ्याला टांगलंय. ते वाजलं की मला भीती वाटते. आणि बराच वेळ वाजलं नाही की त्याहून जास्त वाटते.

सुमिए